रीळ निर्दोष होतं

मासेमारीचं एक धडधाकट रीळ मी खराब म्हणून परत पाठवलं होतं. व्हिडिओ काढून, पुराव्यानिशी. विकणाऱ्यांनी तो पुरावा मान्यही केला! ही गोष्ट सांगताना अजून कान गरम होतात. पण गळ, रॉड, रीळ हे सामान दुकानातून घ्यावं की ऑनलाइन, असं कोणी विचारलं की मला आधी तेच रीळ आठवतं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गरवायचा, म्हणजे गळाने मासे पकडायचा, नाद मला तसा उशिरा लागला. एका मित्राबरोबर सहज तलावावर गेलो होतो. त्याने जवळचा जादा रॉड हातात दिला, तासाभराने बोटाएवढा एक मासा लागला आणि खरं तर मीच गळाला लागलो. घरी आलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले. अकराला दुकान उघडं नसतं, मोबाईल मात्र असतो. अंथरुणात आडवं पडून मी माझं पहिलं सगळं सामान घेतलं.

अशा वेळी माणूस काय बघतो? आकडे बघतो. एका रिळावर ‘१२+१ बेअरिंग’ लिहिलेलं, शेजारच्यावर ‘४+१’. बारा म्हणजे चारच्या तिप्पट चांगलं, एवढं गणित मला येत होतं. (चार चांगली, पाणी आत न शिरणारी बेअरिंग बारा फडतूस बेअरिंगना भारी पडतात, हे कळायला दोन पावसाळे गेले.) पुढे ‘३०००’ असा आकडा होता. तो नुसता स्पूलचा, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या चकरीचा आकार सांगतो, दर्जा नाही. १०००चं रीळ लहान, ५०००चं दांडगं, बस. मग ‘६.२:१’. हँडल एकदा फिरवलं की दोरी गुंडाळणारा रोटर स्पूलभोवती सहा पूर्णांक दोन दशांश फेरे मारतो, एवढाच त्याचा अर्थ. सायकलच्या गिअरसारखाच हा प्रकार. शिमानो ही कंपनी मुळात सायकलच्या फ्रीव्हीलची, १९२१ सालची, आणि मासेमारीच्या सामानात ती १९७० मध्ये उतरली, हे नंतर वाचलं तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. पण त्या रात्री माझ्या लेखी ६.२ म्हणजे ५.२ पेक्षा एक गुण जास्त.

रॉडचंही तसंच. ‘मिडियम’ आणि ‘मिडियम हेवी’ एकाच किमतीला होते, मग हेवी कोण सोडणार? त्याच्या बुंध्यावर बारीक अक्षरात ‘१५–४० ग्रॅम’ लिहिलं होतं. तो रॉड किती वजनाचं आमिष फेकायला बनवलाय ते त्यात सांगितलेलं असतं. ते मी वाचलं आणि पुढे सरकलो. त्याच खेपेत घेतलेली ल्युअरं, म्हणजे माशासारखी दिसणारी खोटी आमिषं, सात ग्रॅमची होती. सात ग्रॅमच्या ओझ्याने तो रॉड वाकायलाच तयार नाही, आणि रॉड वाकला नाही तर फेक कुठून येणार? पहिला महिनाभर मी झाडूच्या दांड्याने खडा भिरकावल्यासारखा फेकत होतो आणि खांद्याला दोष देत होतो.

गळांची गोष्ट तर आणखी लाजिरवाणी. मित्राकडे सहा नंबरचे गळ होते. मला जरा मोठे हवे होते, म्हणून मी दहा नंबरचे मागवले. शंभर गळांचं पाकीट स्वस्त पडत होतं, तेच मागवलं. पाकीट उघडलं तर आत डासाच्या पायांएवढे गळ. गळांचे नंबर उलटे चालतात. दहा लहान, सहा त्याहून मोठा, एक आणखी मोठा. आणि एकच्या पुढे गाडी वळते, १/०, २/०, ३/० असे आकडे चढत जातात आणि गळही मोठे होत जातात. त्यात भर म्हणजे सगळ्या कंपन्यांचा चार नंबर सारखा नसतो. एकाचा चार दुसऱ्याच्या सहाशेजारी ठेवला तर जुळी भावंडं वाटतील. पडद्यावर प्रत्येक गळ चौकट भरून दिसतो. दहा नंबर असो की ५/०, फोटोत दोघांची छाती सारखीच. त्या शंभरातले नव्वदेक अजून गोळ्यांच्या डबीत पडून आहेत.

आता रीळ.

रिळावर मी ब्रेड भरला होता. खायचा नव्हे, वेणीसारखा विणलेला दोरा. डायनीमासारख्या तंतूंचा तो असतो, जाडीच्या मानाने जबरदस्त ताकदीचा. तंगुसासारखा, म्हणजे साध्या नायलॉनच्या दोरीसारखा, तो ताणला जात नाही, त्यामुळे माशाने नुसतं तोंड लावलं तरी बोटाला कळतं. आणि तो कमालीचा गुळगुळीत असतो. हा शेवटचा गुण जाहिरातीत वाचून मला आनंद झाला होता.

सहाव्या का सातव्या खेपेला एक बऱ्यापैकी मासा लागला. रॉड वाकला (तो हेवी रॉडसुद्धा वाकला, त्यावरून माशाचा अंदाज करा), मी हँडल फिरवतोय, आणि दोरी मात्र बाहेरच चाललीये. ड्रॅगची, म्हणजे जास्त ओढ बसली की दोरी बेताने सोडणाऱ्या ब्रेकची, चकती घट्ट केली. तरी चाललीये. आणखी घट्ट केली, पार शेवटपर्यंत. दोरी शांतपणे चाललीच आहे. मग एका क्षणी ओढ संपली, मासाही संपला. मित्र म्हणाला, “तुझा ड्रॅग गेला रे.” मलाही तेच वाटलं.

घरी येऊन मी व्हिडिओ काढला. ड्रॅग पूर्ण आवळलेला, हाताने दोरी ओढतोय, दोरी सुटतेय. स्पष्ट पुरावा. तक्रार टाकली. दुसऱ्याच दिवशी एकही प्रश्न न विचारता बदली रीळ मंजूर झालं, तिसऱ्या दिवशी जुनं रीळ घरातून उचललं, आठवड्यात नवं दारात हजर. याला म्हणतात सेवा, असं मी चार जणांना सांगितलं. नव्या रिळावर तोच ब्रेड भरला, तशीच गाठ मारली, आणि नव्या रिळाचाही ड्रॅग धरेना.

दुसऱ्यांदा तक्रार करायला बोट सरसावलं होतं. पण दोन रिळं एकाच रोगाने जातात म्हणजे रोगी कोण, अशी शंका आली. ती शंका घेऊनच मी पहिल्यांदा दुकानात गेलो.

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात पाय ठेवायला मला आजवर संकोच वाटत आला होता, हेही कबूल करतो. आत नेहमी तीन-चार माणसं काउंटरला टेकून उभी, त्यांची भाषा आपल्याला अर्धी कळते, आपण काय मागायचं तेच नक्की नसतं. मोबाईलसमोर अडाणी दिसायची भीती नसते. माझ्यासारखे बरेच जण किमतीपेक्षा या भीतीपायीच ऑनलाइन घेत असावेत.

अरुंद दुकान. काचेच्या कपाटात रिळं, मागे भिंतीला रॉड उभे, ग्रीसचा आणि रबराचा वास. काउंटरखाली एक पत्र्याचा डबा, त्यात मेलेल्या रिळांची हाडं. दुकानदार काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “बोला.”

“याचा ड्रॅग धरत नाही. हे दुसरं रीळ आहे. पहिलंही असंच निघालं.”

त्यांनी रीळ हातात घेतलंच नाही. म्हणाले, “दोरी सुटत होती तेव्हा करकर वाजलं?”

मी आठवलं. नाही. दोरी शांतपणे गेली होती.

“मग ड्रॅगने काय केलं तुमचं?”

टेकून उभ्या असलेल्यांपैकी एक जण गालातल्या गालात हसला. काकांनी आता रीळ घेतलं, गुंडाळलेल्या दोरीला अंगठ्याचं नख टेकवलं आणि ढकललं. स्पूल जागच्या जागी. दोरीची अख्खी गुंडाळी स्पूलवर फिरली, मनगटातली सैल बांगडी फिरावी तशी. ड्रॅग सुटतो तेव्हा स्पूल फिरतो, आणि स्पूल फिरला की आतली खटकी वाजते. इथे स्पूल फिरतच नव्हता. गुळगुळीत धातूवर गुळगुळीत ब्रेड, खाली पकडायला काही नाही, त्यामुळे आत मारलेली गाठ दोरीसकट घसरत होती. ड्रॅग बिचारा पहिल्या रिळातही धरून बसलेला होता, दुसऱ्यातही.

मी ते पहिलं, निर्दोष रीळ मनातल्या मनात डोळ्यांसमोर आणलं. कुठल्या गोदामात ‘सदोष’ अशी चिठ्ठी लावून पडलं असेल कोण जाणे.

उपाय पाच मिनिटांचा होता. काकांनी ब्रेड एका रिकाम्या चकरीवर उतरवला, स्पूलच्या तळाशी साध्या तंगुसाचे दहा-पंधरा फेरे दिले, तंगूस धातूला धरतो, मग तंगुसाला ब्रेड जोडला. गाठ आवळण्याआधी ओठात धरून ओली केली. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरी तिथेच कमजोर होते. त्यानंतर गुंडाळायच्या यंत्रावर, ओल्या फडक्यातून दाबून, ताण ठेवत दोरी भरली. मी घरी भरली होती ती दोन पायांच्या अंगठ्यांत पेन्सिल धरून, पेन्सिलीवर चकरी फिरवत. सैल भरलेला ब्रेड पुढे ताण आला की खालच्या थरात रुततो आणि ऐन फेकीत भस्सकन गुंता बाहेर येतो. तेही माझं सगळं करून झालं होतं. स्पूलच्या काठाखाली दोनेक मिलिमीटर जागा ठेवून ते थांबले.

मग त्यांनी विचारलं, “कुठे टाकता? कशासाठी टाकता? किती वजनाचं टाकता?”

हे तीन प्रश्न मला तोवर कोणीही विचारले नव्हते. मी आयुष्यात पंधरा-वीस वस्तू मागवल्या होत्या, प्रत्येक वेळी पत्ता विचारला गेला, पण जायचंय कुठे ते कधीच नाही. तलाव, मधल्या आकाराचे मासे, सात ग्रॅम, असं मी सांगितलं. रॉड कुठला ते सांगितल्यावर त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या आणि भिंतीवरचा एक रॉड काढून माझ्या हातात दिला. स्वतः टोकाचा दोरा धरून खाली बसले, मला म्हणाले, उचला. रॉडचा वरचा तिसरा हिस्सा वाकला, मग ताण वाढला तसा मधला भाग कामाला लागला. माझा रॉड आणून तसाच उचलला असता तर काकाच उचलले गेले असते. ‘फास्ट’, ‘मॉडरेट’, ‘लाइट’, ‘हेवी’ हे शब्द मी पन्नास वेळा वाचले होते. मनगटाला त्यांचा अर्थ त्या अर्ध्या मिनिटात समजला. मग त्यांनी रीळ बसवून रॉड एका बोटावर तोलून दाखवला. रिळाच्या थोडा पुढे तो आडवा स्थिर राहिला तर दिवसभर हात दुखत नाही.

यापुढचा भाग न सांगितला तरी चाललं असतं. मी “विचार करून सांगतो” म्हणालो, घरी आलो, आणि तोच रॉड, तेच मॉडेल, ऑनलाइन स्वस्त मिळत होता म्हणून मागवला. दोरी भरण्याची मजुरी मात्र प्रामाणिकपणे देऊन आलो होतो, असं तेव्हा मनाला समजावलं.

रॉड छान होता. फक्त त्यावर ब्रेड टिकेना. दर दोन-तीन खेपांनी शेवटच्या चार-पाच मीटरमध्ये दोरीला लव सुटायची, आणि जरा ओढ बसली की तुटायची. आधी मी दोरीला शिव्या घातल्या. मग कुठेतरी ऐकलेली युक्ती करून पाहिली: कान साफ करायची कापसाची काडी रॉडवरच्या प्रत्येक गाइडच्या, म्हणजे दोरी ओवायच्या कडीतून गोल फिरवायची. वरून तिसऱ्या कडीत कापूस अडकला. आतल्या सिरॅमिकला केसाएवढा तडा होता, डोळ्यांना दिसतही नव्हता. दुकानात घेतला असता तर ही काडी काउंटरवरच फिरवता आली असती. ऑनलाइन परत करायची मुदत केव्हाच उलटली होती.

महिनाभर रॉड तसाच कोपऱ्यात ठेवला. शेवटी काखोटीला मारून काकांकडे गेलो. त्यांनी रॉड ओळखला, त्यावरचं मॉडेल वाचलं, माझ्याकडे बघितलं. “माझ्याकडचा तो दुसऱ्याने नेला,” एवढंच म्हणाले आणि पातं घेऊन जुन्या कडीवरचा धागा सोडवायला लागले. नवी कडी, नवा धागा, वर इपॉक्सी, सुकायला दोन दिवस. त्या दोन दिवसांत मला बरंच काही बोलायचं होतं, पण बोललो नाही.

इतकं वाचून काका म्हणजे संत आणि मोबाईल म्हणजे सैतान, असं कोणाला वाटत असेल तर थांबा. त्यांच्याच दुकानातून मी एकदा तंगुसाची चकरी घेतली. काचेच्या कपाटातली, वरच्या खणातली. पहिल्याच दिवशी ती गाठीत तुटली. दुसरी गाठ मारली, तीही तुटली. नायलॉनला सतत ऊन लागलं की तो आतून कमजोर होत जातो, आणि ते कपाट रोज दुपारी उन्हात न्हायचं. चकरी तिथे किती वर्षं होती ते काकांनाच ठाऊक. परत न्यायला गेलो तर त्यांनी मागच्या पाटीकडे बोट दाखवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. वर मलाच ऐकवलं, “खेचून बघायचं होतं घेताना.” मला त्या क्षणी ते एकही प्रश्न न विचारणारे, तिसऱ्या दिवशी घरातून माल उचलून नेणारे लोक फार जवळचे वाटले. एकदा तर वाटेत टोक मोडलेला एक रॉड मी फक्त फोटो पाठवून परत केला होता आणि पैसे चार दिवसांत जमा झाले होते. तेव्हापासून काका मला तंगूस देताना आधी स्वतः हातभर ओढून, हिसका देऊन दाखवतात. भांडणाचा तेवढा फायदा.

आणि त्यांच्याकडे नसतं ते नसतंच. फ्लुरोकार्बनच्या दोरीची मला हवी ती जाडी त्यांच्याकडे कधीही नव्हती. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि फ्लुरोकार्बनचा साधारण १.४२, नायलॉनपेक्षा तो पाण्याच्या जवळ असल्याने दोरी कमी दिसते, शिवाय पाण्याच्या पावणेदोन पट जड म्हणून पटकन बुडते. हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “माशाला विचारलंत का?” टंगस्टनची वजनं मागितली तर हसले. शिसं घनतेने ११.३ आणि टंगस्टन १९.३, म्हणजे तेवढ्याच वजनाचा तुकडा पुष्कळ लहान होतो आणि दगडांच्या फटींत कमी अडकतो. शिवाय शिशाचं विष आहेच. ब्रिटनमध्ये सांडलेली शिशाची वजनं गिळून हंस मरायला लागले तेव्हा १९८७ पासून तिथे बहुतेक लहान-मध्यम शिशाच्या वजनांची विक्रीच बंद केली. काकांकडे शिसंच मिळतं, सुटं, तोलून. टंगस्टन मी ऑनलाइन घेतो आणि पाण्यात गमावलं की हळहळतो.

ऑनलाइनचं एक दुखणं मात्र दुकानात कधीच अनुभवलं नाही, ते म्हणजे नकली माल. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचाच्या लाकडाचा एक लहान मासा कोरला, चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी त्याला चिकटवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून मुलामा दिला. जखमी मासळीसारखी हेलपाटत चालणारी ती चाल जगभर गाजली. त्या चालीच्या ल्युअरचं एक पाकीट मी कुठल्यातरी अनोळखी विक्रेत्याकडून घेतलं. फोटोत हुबेहूब. पाण्यात टाकलं तर ते ल्युअर कुशीवर पडून उजवीकडे पळायला लागलं, मोरीत पडलेल्या चमच्यासारखं. पुठ्ठ्यावरच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे होतं, हे नंतर दिसलं. काकांनी पक्कड घेऊन नाकाची कडी केसभर डावीकडे वळवली; ल्युअर उजवीकडे पळत असेल तर कडी डावीकडे वळवायची. पाच ल्युअरांपैकी दोन सरळ चालायला लागली. उरलेली तीन कशानेच चालली नाहीत.

दोरीच्या पाकिटावरच्या आकड्यांवरही माझा विश्वास तेव्हापासूनच उडाला. ‘२० पौंड’ म्हणजे नक्की काय? १९३९ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन विक्रमांसाठी दोरी तपासते तेव्हा ती ओली करून ताणते, कारण नायलॉन पाणी पितो आणि थोडा कमजोर होतो. मासा कोरड्यात लागत नाही. पण पाकिटावरचा आकडा कोरड्या दोरीचा की ओल्या, सरासरी की किमान, हे पाकीट सांगत नाही. मग मी वजनाचा स्प्रिंग काटा घेतला (ऑनलाइनच). प्रत्येक नव्या दोरीचा तुकडा भिजवून, गाठ मारून काट्याला लावतो आणि तुटेपर्यंत ओढतो. ड्रॅगही त्याच काट्यावर लावतो, दोरी तुटते त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा. घरच्यांना हा प्रकार दारामागे उभं राहून दोरीशी रस्सीखेच खेळण्यासारखा दिसतो.

गेल्या हंगामात दुसऱ्या रिळाची बेल स्प्रिंग गेली. हँडल फिरवलं की तारेची ती कमान खटकन मिटायला हवी, ती नुसती लोंबायला लागली. ज्यांच्याकडून रीळ घेतलं त्यांनी वॉरंटी संपल्याचं कळवलं आणि नव्या मॉडेलचे फोटो पाठवले. काकांनी हाडांचा डबा उपसला, तीन स्प्रिंग लावून पाहिल्या, एकही बसेना. मी मोबाईलवर त्या रिळाचा सुट्या भागांचा आराखडा शोधला. एकेक भाग सुटा करून हवेत तरंगत ठेवल्यासारखं ते चित्र असतं, प्रत्येकाला नंबर. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून चित्र डोळ्यांजवळ नेलं, रीळ उघडून बघितलं आणि म्हणाले, “ही नाही, ही. आणि हा छोटा दांडा पण मागवा, झिजलाय.” दांडा झिजलाय हे मला जन्मात दिसलं नसतं, आणि तो दांडा त्यांना जन्मात मिळाला नसता. दोन्ही भाग एका पाकिटात आले, पाकीट न फोडता मी दुकानात नेलं. त्यांनी बसवले, तेलाचा एकच थेंब दिला आणि मजुरी सांगितली. मी पहिल्यांदाच घासाघीस केली नाही.

आता गळ मी दुकानातच घेतो, तेही नखावर ओढून बघून; टोक नखावर रुतलं तर ठीक, घसरलं तर परत पेटीत. रॉड हातात घेतल्याशिवाय घेत नाही आणि जिथे हातात घेतला तिथेच घेतो. ब्रेड, फ्लुरोकार्बन, स्विव्हल, टंगस्टन, ज्यांची जाडी आणि नंबर मला पाठ झालेत, ते अजूनही रात्री अकरालाच मागवतो. रीळ तिसरं घ्यायची वेळ अजून आली नाही.

परवा दुकानात शिरलो तर काकाच माझी वाट बघत असल्यासारखे. कोणीतरी टोकाची कडी तुटलेला रॉड दुरुस्तीला टाकून गेलं होतं आणि तसली कडी त्यांच्याकडे नव्हती. “तुमच्या त्या मोबाईलवर एक टोकाची कडी मागवा बरं,” म्हणाले.

“टोकाचा व्यास किती?” मी विचारलं.

“नेहमीचाच.”

“नेहमीचा म्हणजे? दीड मिलिमीटर की दोन? आणि या रॉडवर ब्रेड वापरणार की तंगूस? कडी त्याप्रमाणे घ्यायला हवी.”

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग खण उघडून व्हर्नियर काढला, रॉडचं टोक जबड्यात धरलं, दिव्याखाली नेऊन आकडा वाचला आणि माझ्या दहा नंबरच्या गळांसारख्या कुठल्यातरी न खपलेल्या पाकिटाच्या मागे लिहून दिला. १.८.

“ब्रेडचं त्याला फोन करून विचारतो,” ते म्हणाले.